चर्च सोडायची फी ३० युरो: जर्मनीतल्या कॅथलिकांना सुधारणा हवी म्हणजे नक्की काय हवंय?

उमराळ्याची_लेक

नमस्कार मंडळी. हा धागा काढू की नको यातच चार महिने गेले. इथे ख्रिस्ती वाचक किती आहेत माहीत नाही, पण या विषयावर मराठीत बोलायला मला दुसरी जागा नाही आणि घरी फोनवर काढलं की आई म्हणते, "तू मिस्साला जातेस ना? मग झालं."

मी वसईची, अकरा वर्षं जर्मनीत, कोलोनजवळ. आले तेव्हा पत्ता नोंदवायला गेले, फॉर्मवर धर्माचा रकाना होता, मी आपलं ऐटीत रोमन कॅथलिक लिहून दिलं, आपल्याकडे लिहितोच की सगळीकडे. पहिल्या पगाराच्या स्लिपवर एक जास्तीची कपात. ऑफिसात विचारलं तर हा चर्चचा टॅक्स, तुम्हीच लिहून दिलंय ना! इन्कम टॅक्सच्या वर त्याचे ९ टक्के (बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये ८). म्हणजे महिन्याला ५०० युरो इन्कम टॅक्स असेल तर ४५ युरो चर्चचे, सरकारच कापून चर्चला देतं. जर्मनीच्या १९१९ च्या वायमार राज्यघटनेत ही तरतूद आली आणि आजच्या घटनेतही तशीच आहे. नको असेल तर सरकारी ऑफिसात जाऊन चर्च सोडतो असं लिहून द्यायचं.

तर मार्चमध्ये मी एकीबरोबर तिथे गेले होते. आमच्या क्वायरमधली (चर्चचं गायनमंडळ), वय ६३, अल्टो म्हणजे बायकांमधला खालचा सूर गाते, तीसेक वर्षं पोरांना पहिल्या कम्युनियनची (मिस्सात मिळणारा भाकरीचा प्रसाद) तयारी करून घेतली. आमच्या राज्यात हे काम स्थानिक कोर्टात होतं. साधी खोली, टेबलावर कॅक्टसची कुंडी. क्लार्कने ओळखपत्र बघितलं, कारण विचारलं नाही (विचारतच नाहीत), कागद फिरवला, इथे सही करा, ३० युरो, कार्ड चालेल. मी घड्याळ बघितलं, सात मिनिटं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, मला वाटलं होतं निदान का म्हणून तरी विचारतील.

तिचं का मला माहीत आहे. २०१८ मध्ये इथल्या बिशपांनीच करवून घेतलेला अभ्यास बाहेर आला, १९४६ ते २०१४ या काळात ३,६७७ मुलामुलींवर अत्याचार, आरोप असलेले धर्मगुरू वगैरे १,६७०, आणि तेही फक्त फायलींत सापडले तेवढे. मग आमच्या कोलोनच्या कार्डिनलनी स्वतःच मागवलेला वकिलांचा रिपोर्ट २०२० मध्ये प्रसिद्धच केला नाही, दुसऱ्या वकिलाकडून नवा करून घेतला, तो २०२१ च्या मार्चमध्ये आला. तेव्हा इथे चर्च सोडायच्या अपॉइंटमेंट मिळत नव्हत्या, कोर्टाचा सर्व्हर बसला होता. २०२२ मध्ये अख्ख्या देशात ५,२२,८२१ लोकांनी कॅथलिक चर्च सोडलं, २०२४ मध्ये ३,२१,६११.

गंमत पुढे आहे. ती अजूनही गुरुवारी क्वायरच्या प्रॅक्टिसला येते. बिशपांच्या २०१२ च्या आदेशाप्रमाणे सोडलेल्या माणसाला कम्युनियन नाही, कुणाची गॉडमदर होता येत नाही. ती म्हणते मी देवाला सोडलं नाही, फर्म सोडली. तिच्या शेजारी बसणारी दुसरी अल्टो म्हणते तू पळालीस, मी आत राहून भांडणार. आणि आमचे फादर, केरळचे, सहा चर्चं मिळून केलेल्या एका पॅरिशला (धर्मग्रामाला) धावतपळत पुरे पडणारे, म्हणतात प्रार्थना कमी झाली म्हणून हे सगळं. तिघंही म्हणतात चर्च सुधारायला हवं. मला प्रश्न हा आहे की हे तिघं एकाच गोष्टीबद्दल बोलतायत का.

पगडी_काढून_ठेवली

बाकी कळलं नाही पण देव सोडायला जीएसटी धरून ३० युरो म्हणजे डील चांगली आहे. आमच्याकडे सोसायटीचं गणपती मंडळ सोडायला याहून जास्त मनस्ताप होतो.

सीरियसली विचारतो, पैसे वाचतात म्हणून सोडत असतील ना बहुतेक? एवढं अध्यात्म कशाला लावायचं त्याला.

उमराळ्याची_लेक

@पगडी, पैशाचा भाग आहेच, नाही कोण म्हणतं. पहिली नोकरी लागली, स्लिप बघितली, जातोय कोण चर्चला, दिलं सोडून, असे भरपूर. २०२४ मध्ये रविवारी मिस्साला येणारे कॅथलिक होते ६.६ टक्के, म्हणजे बाकीचे तसेही येत नव्हतेच. पण टॅक्स अकरा वर्षांपूर्वीही होता आणि तेव्हा एवढी रांग नव्हती. टॅक्समुळे एक होतं, आपल्याकडे माणूस हळूहळू यायचा बंद होतो, कुणाला कळतही नाही, इथे त्याला एक दिवस उठून सही करावी लागते. म्हणून इथले आकडे एवढे अंगावर येतात.

आगाशीकर

बाय, धागा वाचून बरं वाटलं आणि वाईटही. माझं वय आता ७४. आमच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची, फादर आमच्याकडे पाठ करून, आजी मागे बसून जपमाळ ओढायची, घंटी वाजली की मान खाली. काय चाललंय हे कुणाला कळायचं नाही आणि कुणाला कळावं असंही वाटायचं नाही. मग दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, १९६२ ते ६५, आणि मिस्सा मराठीत आली, फादर आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. आजी आठवडाभर बोलली नाही. म्हणाली, देवाला मराठी येतं हे मला माहीत होतं रे, पण फादरना एवढंच बोलायचं होतं होय!

सांगायचा मुद्दा, सुधारणा आमच्या अंगावरून गेली आहे आणि त्यामुळे वसईचं चर्च जास्त आमचं झालं. मराठीत मिस्सा आली म्हणून मराठीत गाणी आली, 'सुवार्ता' मासिक घरोघरी गेलं, आणि आमच्यातले फादर दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ते सगळं वरून, पोप महोदय आणि बिशप मंडळी बसून ठरवून आलं होतं. तुमचे जर्मन लोक खालून ठराव करतात आणि रोमला कळवतात. हे मला पचत नाही. मतं मोजून सिद्धांत ठरवायचा असतो का?

जुनी_घंटा

आगाशीकर काकांशी सहमत, आणि थोडं पुढे जाऊन बोलतो, शिव्या खायची तयारी ठेवून.

'सिनोडल मार्ग' म्हणून जे जर्मनीत २०१९ च्या डिसेंबरात सुरू झालं, त्यात बिशप आणि सामान्य कॅथलिकांची केंद्रीय समिती मिळून साधारण २३० लोक. विषय चार: चर्चमधली सत्ता, धर्मगुरूंचं जीवन म्हणजे मुख्यतः ब्रह्मचर्य, स्त्रियांचं स्थान, लैंगिक नीती. आता मला सांगा, अत्याचारांच्या अहवालातून सुरू झालेली गोष्ट या चार विषयांवर कशी आली? हे चारही विषय जर्मन कॅथलिक पन्नास वर्षं मागतायत. संकट आलं, जुनी यादी बाहेर काढली. ज्यांच्यावर अत्याचार झाले ते बिचारे सभेत एका कोपऱ्यात.

आणि दुसरं, यादी मान्य केली तर लोक थांबतील का? शेजारीच प्रयोग चालू आहे. इव्हँजेलिकल म्हणजे जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये लग्न झालेले पाळक आहेत, बायका बिशप आहेत, समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद आहे. २०२४ मध्ये तिथून साधारण ३ लाख ४५ हजार लोक बाहेर पडले. कॅथलिकांपेक्षा जास्त! पोप फ्रान्सिस जर्मनांना उगाच नाही म्हणाले की तुमच्याकडे एक छान इव्हँजेलिकल चर्च आहे, दोन कशाला हवीत.

पोप बेनेडिक्ट स्वतः जर्मन, २०११ च्या सप्टेंबरात फ्रायबुर्गला त्यांनी भाषण केलं, तेव्हा सगळे बिशप गोरेमोरे झाले. त्यांचं म्हणणं असं की चर्चने जगापासून थोडं सुटायला हवं, आणि इतिहासात चर्चच्या जमिनी गेल्या, हक्क गेले, त्यातून चर्च स्वच्छच होत गेलं. १८०३ च्या आसपास जर्मनीत मठ आणि इस्टेटी जप्त झाल्या ते आठवा. आज वर्षाला साडेसहा अब्ज युरोच्या आसपास टॅक्स गोळा करणारं, बिल्डिंगा सांभाळणारं चर्च, आणि त्यात रविवारी येणारे ६ टक्के. फादर म्हणतात प्रार्थना कमी झाली, त्याला हसू नका, सुधारणा या शब्दाचा जुना अर्थ तोच आहे. फ्रान्सिस असिसीकर उघड्या पायांनी निघाला होता, कमिटी नव्हती केली त्याने.

नगरची_मीनल

इव्हँजेलिकल हा शब्द दिसला म्हणून आले. मी नगरची प्रॉटेस्टंट, रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या अभंगांवर वाढलेली, सहा वर्षं श्टुटगार्टला. आमच्या इथल्या पाळक एक बाई आहेत, दोन मुलं, नवरा शाळेत शिकवतो. आमचे लोकही सोडून जातात हे खरं, जुनी_घंटा यांचा आकडा बरोबर आहे.

पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला खटकतो. आमच्या बाईंना पाळक केलं ते लोक थांबावेत म्हणून केलं का? त्यांना ते काम येतं म्हणून केलं. औषधाने केस वाढले नाहीत म्हणून ताप उतरला हे खोटं होत नाही.

आणि सेक्युलर होणं ही वेगळीच गोष्ट आहे हो. माझ्या सोबतच्या पोरांना चर्चचा राग वगैरे काही नाही. इस्टर म्हणजे चार दिवस सुट्टी, संपलं. रागावणारा माणूस निदान दारापर्यंत येतो.

डब्लिनचो_गाववालो

आयर्लंडवरून हजेरी. इथे टॅक्स नाही, सही नाही, फी नाही, नुसते लोक गायब. जनगणनेत स्वतःला कॅथलिक लिहिणारे २०१६ ला ७८ टक्के, २०२२ ला ६९. सहा वर्षांत!

मी मालवणकडचा, हिंदू, पण बायको आयरिश कॅथलिक, त्यामुळे घरचा मामला. सासूबाई ८१ वर्षांच्या, रोज मिस्साला जातात, आणि २०१५ ला समलिंगी लग्नाच्या मतदानात त्यांनी हो म्हणून शिक्का मारला. ६२ टक्के हो पडली होती, एवढ्या कॅथलिक देशात, म्हणजे अशा सासवा बऱ्याच असणार. मी विचारलं चर्च नको म्हणतं ना? त्या म्हणाल्या, २००९ चे मुलांवरच्या अत्याचारांचे रिपोर्ट वाचल्यापासून कुणाच्या बेडरूमबद्दल काय बोलायचं हा सल्ला मी त्यांच्याकडून घेत नाही, बाकी येशू माझा आहे. जर्मन बाईने फर्म म्हटलं तेच हे.

दुसरी गंमत. २०१८ ला पोप फ्रान्सिस डब्लिनला आले तेव्हा त्यांच्यासमोर उभं राहून चर्च आणि सरकारचं नातं आता नव्याने मांडूया म्हणून सांगणारा पंतप्रधान कोण? लिओ वराडकर! वडील मुंबईचे, मूळ गाव वराड, तालुका मालवण. आमच्या गावच्या ग्रुपवर तो व्हिडिओ तीन दिवस फिरत होता, कशाबद्दल बोललाय ते कुणी ऐकलं नाही.

बादवे इथे अजूनही जवळजवळ ९० टक्के प्रायमरी शाळा कॅथलिक चर्चच्या छत्राखाली आहेत. २०१८ च्या कायद्यापर्यंत जागा कमी असतील तर बाप्तिस्मा झालेल्या पोराला आधी घ्यायचे, म्हणून माझ्या ऑफिसातल्या दोघा पक्क्या नास्तिकांनी पोरांना बाप्तिस्मा दिला, पार्टीही केली. सेक्युलर समाज म्हणतात तो हा.

पगडी_काढून_ठेवली

आमच्याकडे शाळेसाठी भाड्याचा खोटा करारनामा करतात, तुमच्याकडे बाप्तिस्मा. जगात सगळीकडे केजी अॅडमिशन हाच खरा धर्म.

आता माझा भाबडा प्रश्न. बायका फादर होऊ दे, लग्न करू दे, एवढंच हवंय तर प्रॉटेस्टंट व्हा ना सरळ, ५०० वर्षांपूर्वी तिथेच सोय झालीय. आत राहून भांडायचं कशाला?

उमराळ्याची_लेक

@पगडी, हाच प्रश्न मी दुसऱ्या अल्टोला विचारला होता, ती आत राहून भांडणारी. ती माझ्याकडे असं बघायला लागली जणू मी म्हटलं नवऱ्याशी पटत नाही तर शेजाऱ्याकडे जा. तिच्यासाठी कम्युनियन, मारियेची मूर्ती, आईच्या अंत्यविधीला वाजलेली घंटा हे सगळं एकच आहे, त्यातलं एकेक सुटं करून दुसरीकडे नेता येत नाही. मलाही येत नाही.

@जुनी_घंटा, तुमचा पहिला मुद्दा मी टाळणार नाही, यादी जुनी आहे. १९७१ ते ७५ व्युर्त्सबुर्गला जर्मन चर्चचं मोठं सिनोड म्हणजे सभा झाली होती, त्यांनी रोमला रीतसर विनंती केली की स्त्रियांना डीकन (फादरच्या खालचं पद) करता येईल का बघा. रोमकडून उत्तर आलं नाही. नाही म्हणून पण नाही आलं. आमची ही दुसरी अल्टो तेव्हा शाळेत होती, आता तिची नात शाळेत आहे. तर संकट आल्यावर जुनी यादी काढली असं तुम्ही म्हणता, ती म्हणते यादी टेबलावरच पडून होती, संकटाने त्यावरची धूळ उडाली.

अत्याचारांशी संबंध काय, तर तो अहवालच सांगतो. फायली कुणाच्या हातात होत्या, बदली कोण करत होतं, तक्रार कुणाकडे जायची, सगळीकडे तेच मोजके लोक, आणि त्यांना विचारणारं कुणी नाही. सत्ता हा पहिला विषय तिथून आला. बाकीचे तीन कितपत तिथून आले यावर तुम्ही भांडू शकता, मी पण थोडी भांडते.

@आगाशीकर अंकल, मतं मोजण्याबद्दल. ठराव पास व्हायला नुसतं सभेचं बहुमत चालत नव्हतं, उपस्थित बिशपांचे पण वेगळे दोन तृतीयांश लागायचे. २०२२ च्या सप्टेंबरात लैंगिक नीतीचा ठराव ३३ बिशप बाजूने आणि २१ विरोधात असा पडला. सभागृहाचं मोठं बहुमत असून पडला. फ्रँकफुर्टला लोक रडत होते, मी घरी स्ट्रीमवर बघत होते, भाजी करपली. मग २०२३ च्या मार्चमध्ये समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यायचा ठराव पास झाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात रोमनेच अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद, लग्नासारखा विधी न करता, देता येईल म्हटलं. मग कोण कुणाच्या पुढे होतं?

जुनी_घंटा

साधा आशीर्वाद आणि विधी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो तुम्ही एका स्वल्पविरामात उरकलात. आणि बिशप आणि सामान्य लोकांची मिळून कायमची सिनोडल काउन्सिल काढायचा अधिकार तुम्हाला नाही हे रोमने २०२३ च्या जानेवारीत लेखी कळवलंय, तेही सांगा.

अजून एक. २०२३ च्या फेब्रुवारीत चार जणी हा मार्ग सोडून बाहेर पडल्या. चौघी बायका, एक तत्त्वज्ञ, दोघी धर्मशास्त्राच्या प्राध्यापक, एक पत्रकार. त्यांचं म्हणणं की हे कॅथलिक शिकवणुकीपासून लांब चाललंय. तेव्हा 'बायकांना हवंय' असं सरसकट म्हणू नये.

मात्र व्युर्त्सबुर्गच्या विनंतीला उत्तर आलं नाही हे मला माहीत नव्हतं. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणावं, एवढं मी पण म्हणेन.

उमराळ्याची_लेक

हो, ते पत्र आलं होतं, आणि त्या चौघींचंही खरं आहे. सरसकट नाही म्हणत.

मी फक्त माझ्यासमोर दिसतं ते सांगते. आमच्या सहा चर्चांना फादर एक आणि त्यांच्या मदतीला एक रिटायर्ड, ८३ वर्षांचे. २०२४ मध्ये अख्ख्या जर्मनीत नवे धर्मगुरू झाले २९. आमच्या वसईत दोनतीन गावं मिळून पूर्वी एवढे व्हायचे असं वाटतं, असो. मग आजारी माणसाकडे कोण जातं, पोरांना कोण शिकवतं, अंत्यविधी कोण करतं? बायका. शेजारच्या एसेन धर्मप्रांतात २०२२ मध्ये बिशपांनी १८ जणांना बाप्तिस्मा द्यायची परवानगी दिली, फादर कमी म्हणून, त्यात १७ बायका होत्या. फादर कमी पडले की चालतं, आणि हक्क म्हणून मागितलं की परंपरा आड येते, हे दुसऱ्या अल्टोचं दुखणं आहे. सेक्युलर जगाचं वारं लागलं वगैरे म्हणतात तिला, पण ती सेक्युलर जगाबद्दल बोलतच नाही कधी, तिला व्हॅटिकन परिषदेचे कागद तोंडपाठ आहेत, बाप्तिस्मा झालेले सगळे मिळून देवाची प्रजा, हे ती आपल्या अभंगासारखं म्हणते. अंकल, तुमच्या आजीच्या मिस्साला मराठी करणारी जी परिषद, तीच.

आगाशीकर

बाय, तीच हे खरं.

एक सांगतो, वाद म्हणून नाही. आमच्या धर्मग्रामात पण आता वाचन बायका करतात, कम्युनियन वाटायला सिस्टर उभ्या राहतात, वेदीवर मुली सेवा करतात, त्याला रोमने १९९४ मध्ये हरकत नाही म्हटलं. पहिल्यांदा मुलगी वेदीवर उभी राहिली तेव्हा मी शेजाऱ्याला कोपर मारलं होतं. आता माझी नात करते. चर्च भरलेलं असतं, त्यामुळे आम्हाला असं वाटतं की हे प्रश्न तिकडचे. पण माझी दोन्ही मुलं, एक कॅनडात, एक मालाडला, आयतवारी फोन केला की उठलेली नसतात. तेव्हा तिकडचे प्रश्न किती दिवस तिकडे राहतील सांगता येत नाही.

तुझ्या त्या पहिल्या अल्टोबाईला फादरांनी काही विचारलं का? आमच्याकडे असं कुणी केलं असतं तर फादर दुसऱ्या दिवशी घरी चहाला.

उमराळ्याची_लेक

अंकल, पत्र येतं. नियमच आहे, कोर्टाकडून चर्चला कळतं आणि मग पॅरिशमधून एक छापील पत्र जातं, तुम्ही असं का केलंत, बोलायला या, आणि परिणाम काय होतील ते. आमचे फादर ही पत्रं शुक्रवारी दुपारी सही करतात, मी एकदा ऑफिसात क्वायरच्या झेरॉक्स काढत होते तेव्हा बघितलं, गठ्ठा होता. एका पत्रावर ते थांबले, मला नाव दाखवलं नाही पण मला कळलं. छापील मजकुराखाली त्यांनी हाताने, त्यांच्या मोडक्या जर्मनमध्ये काहीतरी लिहिलं.

काय लिहिलं ते तिने मला नंतर सांगितलं. "गुरुवारी येणार ना? इस्टरच्या हालेलुयाला अल्टो कमी पडतो."

ती आली होती. इस्टरच्या रात्री कम्युनियनच्या वेळी सगळा क्वायर रांगेने खाली उतरला, ती एकटी वर ऑर्गनपाशी बसून राहिली, पानं लावत. फादरांनी खालून एकदा वर बघितलं आणि मग पुढच्या माणसाकडे वळले.

डब्लिनचो_गाववालो

सासूबाईंना हे वाचून दाखवतो, इंग्रजी करून. त्या आता विचारतील फादर कुठले.

उमराळ्याची_लेक

कोट्टयमजवळचे. क्वायरला मल्याळम हालेलुया शिकवायच्या मागे आहेत, अल्टोचा भाग कुणालाच जमत नाहीये.